झच्या पोटातला खिळा

शहापूरच्या बाजारात वाल्मिक पेंटरला ओळखायच्या दोन खुणा होत्या. उजव्या हाताच्या नखांत कायमचा मुक्काम ठोकून बसलेला ऑइलपेंट, आणि शर्टाच्या खिशातला एक गंजका खिळा. इतरांच्या खिशात पेन असतं, तंबाखूची पुडी असते, फार तर देवाचा फोटो असतो. वाल्मिकच्या खिशात खिळा. शर्ट धुवायला टाकताना त्याची बायको सकुबाई तो काढून खिडकीत ठेवी आणि म्हणे, "घ्या, तुमचा देव काढून ठेवलाय."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लोक सकाळी देवापुढं बसतात तसा वाल्मिक आंघोळ करून त्या खिळ्यापुढं बसे आणि डोळे मिटून मनोभावे आपल्या मेहुण्याचं वाटोळं चिंती.

मेहुणा म्हणजे सकुबाईचा धाकटा भाऊ सुदाम. वाल्मिक आणि सुदाम, दोघांनाही हातात ब्रश धरायला शिकवलं ते अनंता पेंटरनं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. नव्वदच्या सुमाराला मुरबाडपासून आटगावपर्यंत भाताच्या गिरणीवर, शाळेवर, बँडवाल्यांच्या ढोलावर, टेम्पोच्या फळीवर जे म्हणून देखणं अक्षर दिसे ते उस्तादाच्या हातचं. वळण जुनं, आजोबांच्या शिळाछापाच्या पोथीतून उचललेलं. त्याचा ल पोटभर जेवून पाटावर मांडी घालून बसल्यासारखा दिसे. श म्हणजे फेट्याची गाठ नीट बसलेला नवरदेव. आणि झ? आपण शाळेत गिरवतो त्या झशी त्याचं लांबचंही नातं नव्हतं. पोट सुटलेला, मागं शेपूट सोडलेला, देवळाच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसलेला मातबर बोका म्हणजे उस्तादाचा झ.

पण हा बोका फारसा कुणाच्या दृष्टीला पडत नसे. एरवी पाट्यांत झ लागतोच कुठं? आणि जिथं लागायचा, तिथं आड आली झोळाई.

शेणव्याच्या पुढं ओढ्याकाठी झोळाईचं देऊळ होतं. गावचा रिवाज असा की देवीचं नाव तिच्या दारावर सोडून दुसरीकडं कुठंही रंगवायचं नाही. भिंतीवर लिहिलं की कुणी त्यावर पान थुंकतो, कुणी तिकडं तोंड करून आडोशाला उभा राहतो. आईचं नाव तसल्या जागी कशाला? म्हणून जत्रा आली की तालुकाभर भिंती रंगत त्या 'आईची जत्रा' एवढ्याच. कुठली आई, ते कळायचं त्याला कळे. नाव होतं ते एकाच ठिकाणी, देवळाच्या दारावरच्या सागवानी फळीवर: 'श्री झोळाई माता प्रसन्न'.

रंगाऱ्यांचा रिवाज त्याहून कडक. गुरू हयात आहे तोवर चेल्यानं देवाचं नाव काढायचं नाही. काढायचं तर नाहीच, काढताना बघायचंही नाही. ती पाटी दर दोन-चार वर्षांनी नव्यानं रंगवली जाई. वाल्मिक रंग कालवी, स्टूल धरी, आणि उस्तादाचा ब्रश झकडं वळला की मान खाली घालून आपल्या पायाचे अंगठे बघत बसे. सुदामही स्टूल धरी, पण तो रस्त्यावरून कोण चाललंय ते बघे. सत्त्याण्णव साली उस्ताद गेला. पाटी तेवढी राहिली.

पुढं काही वर्षांनी सुदामनं फ्लेक्सचं मशीन आणलं आणि वाल्मिकच्या खोपटासमोरच 'सुदाम डिजिटल' उघडलं. वाल्मिकला दोन दिवस लागणारं काम ते मशीन चहा निवेपर्यंत बाहेर ओकी. गिऱ्हाईक तिकडं वळलं. वाल्मिक म्हणे, आपल्याला त्याचा राग नाही. हे तो इतक्या वेळा म्हणे की ऐकणाऱ्याला त्याची खात्री पटे.

खरा राग आला दोन हजार चारच्या नवरात्रात. सुदामनं देवळावर भलाथोरला फ्लेक्स लावला. त्यावर तो स्वतः गॉगल घालून, मोबाइल कानाला लावून हसत होता, आणि कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढ्या जागेत, देवी. फ्लेक्स ताणायला चौकट लागते. चौकटीला बांबू आणायचा कंटाळा. म्हणून सुदामनं तयार चौकट वापरली, ती म्हणजे उस्तादाची पाटी. तिच्यावरच फ्लेक्स अंथरला, कडेनं खिळे मारले, आणि मधे फुगवटा येतो म्हणून मधेही मारले.

वाल्मिक पोहोचला तेव्हा शेवटचा खिळा चालला होता. तो वाकडा होऊन खाली पडला. वाल्मिकनं उचलला.

"सुद्या, उस्तादाच्या पाटीत खिळे ठोकलेस?"

"दाजी, जुनी फळी ती. तसली अक्षरं आता वाचतंय कोण? पोरांना तुमचा ल कळत नाय. ह्ये बघा, फोर कलर!"

"ज्या अक्षरात खिळा मारलास ना, त्याच अक्षरात तुला गाडीन."

"गाडा की," सुदाम म्हणाला. "पण आधी चहा घ्या."

शिवी दिली असती तर वाल्मिकनं सोडून दिलं असतं. चहा विचारला, ते जिव्हारी लागलं.

त्या दिवसापासून वाल्मिकनं सूड हेच काम धरलं. रंगकाम नव्हतंच, तेव्हा वेळ भरपूर. सुदाम डिजिटलच्या समोरची मुतारीची भिंत त्यानं स्वखर्चानं रंगवली आणि तिच्यावर गॉगल घातलेलं एक गाढव काढलं. सुदामला ते इतकं आवडलं की त्यानं त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. भाऊबीजेला सुदाम ओवाळून घ्यायला आला की वाल्मिक माळ्यावर चढून रिकामे डबे आदळी. वादळी वारा सुटला की बाकीचं गाव कौलांची काळजी करी, हा अंगणात उभा राहून वाऱ्याला म्हणे, "डावीकडं, डावीकडं! देवळाकडं जा रे."

त्या सगळ्या काळात त्याला समाधानाचा म्हणावा असा एकच दिवस मिळाला. जुने फ्लेक्स लोक गोठ्याला, सरपणाला, भाताच्या उडवीला झाकायला नेत. मंगळ्याच्या गोठ्याला आडोसा म्हणून नाक्यावरून काढलेला सुदामचाच फ्लेक्स लागला आणि मंगळ्याच्या म्हशीला पाठ घासायला सुदामचं नाक बरोबर उंचीवर सापडलं. वाल्मिकनं सकुबाईला हाताला धरून तिकडं नेलं.

"बघ, बघ. तुझा भाऊ."

सकुबाईनं म्हशीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. "म्हस शाणी हाय," ती म्हणाली. "पाठ घासली नि कामाला लागली. तुमी कधी लागणार?"

आणि त्या फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात, शेणाच्या शिंतोड्यांखाली, 'झोळाई' असं छापलेलं होतं. भिंतीवर नको म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलेलं नाव. वाल्मिकनं ते पंच्यानं पुसलं.

दोन हजार नऊ साली या सुडाला अनपेक्षित बाजूनं वारा मिळाला. वाल्मिकची सून दिपिका मुरबाडची. घरातच कॉम्प्युटर मांडून ती लोकांच्या वेबसाइटी करून देई. गावातून ठाण्या-मुंबईला गेलेल्यांच्या मंडळानं तिला झोळाईच्या जत्रेची वेबसाइट करायला सांगितली. काम चालू असताना वाल्मिक मागं येऊन उभा राहिला.

"ह्ये कुणाच्या हातचं गो?"

"हाताचं नाय बाबा, कॉम्प्युटरमधलंच हाय."

"ल बघ कसा उभा हाय. शाळेत शिक्षा केल्यासारा."

दिपिकानं खुर्ची वळवली. सासऱ्याला समजेल असं सांगायची तिला हौस होती. "बाबा, कॉम्प्युटरला ल म्हंजे नुसता एक नंबर. त्याला चेहरा नाय. चेहरा फॉन्ट देतो."

"म्हंजे मुखवटा."

"हां, मुखवटा. तुमचा जुना ल नि ह्यो ल, नंबर एकच, मुखवटा वेगळा. पण पान ज्याच्या घरी उघडंल, त्याच्याकडं जो मुखवटा असंल तोच चढतो. काहींच्याकडं तर नुसते चौकोन दिसतात."

"म्हंजे जेवायला गेलं, नि यजमानाकडं जे शिजलं असंल ते गप खायचं."

"आजवर तसंच होतं. आता नवीन निघालंय. पानाबरोबर फॉन्टपण धाडायचा. पाहुणं जायचं, पण शिदोरी आपल्या फडक्यात बांधून."

वाल्मिक जमिनीवरच बसला. "म्हंजे उस्तादाचा ल ठाण्याला जाईल?"

"अमेरिकेत जाईल."

"आणि समोरच्या दुकानात?"

दिपिका हसली. "सुदाममामांनी साइट उघडली तर त्यांच्या कॉम्प्युटरवरपण तोच दिसंल. त्यांची इच्छा असो नसो."

वाल्मिकनं खिशातून खिळा काढला आणि कीबोर्डच्या शेजारी ठेवला. "कर," तो म्हणाला. "आजपासून माझा चहापण हितंच दे."

मग दिपिकाची स्कूटी आणि मागं कॅमेरा सांभाळत बसलेला वाल्मिक, अशी वरात तालुकाभर फिरली. गिरणीच्या दारावरून त्यांनी ल घेतला, शाळेच्या भिंतीवरून श, म्हसा गावच्या जत्रेत पाळणा लावणाऱ्याच्या पाटीवरून ण. ढोलावरचा ढ घ्यायला गेले तर बँडवाला म्हणाला, वाजवून दाखवू का. दिपिका फोटोवरून एकेक अक्षर कॉम्प्युटरवर कोरी आणि वाल्मिक शेजारी बसून म्हणे, "ह्याची मांडी अजून सैल सोड. उस्ताद घाईत नव्हता." सगळी अक्षरं जमली. राहिला झ.

आटगावच्या झुणका-भाकर केंद्राची पाटी उस्तादानं एकट्यानंच जाऊन रंगवल्याचं वाल्मिकला आठवत होतं. केंद्र केव्हाच बंद पडलं होतं. फळी सापडली बाईजाच्या घरी. बाईजा सुकी मासळी विकणारी. ती त्याच फळीवर कोयत्यानं सुक्या माशांचे तुकडे करत होती.

"झ हवाय?" तिनं फळी उलटीसुलटी करून बघितली. "झ तर कधीच कापला रे बाबा. 'भाकर' हाय थोडी, नेतोस?"

वाल्मिकनं घरी येऊन स्वतः झ काढायला घेतला. तीस वर्षांचा हात, पण बोका काही उतरेना. कधी उपाशी मांजर येई, कधी कुंभाराचं गाढव. वर्तमानपत्रांची रद्दी संपली. शेवटी त्यानं ब्रश खाली ठेवला. "बघितलाच नाय गो मी तो कधी काढताना," तो सुनेला म्हणाला. "अंगठे बघत होतो."

सकुबाई चुलीपुढून म्हणाली, "फळी काय पळून गेली नाय. हाय तिथंच, माझ्या भावाच्या तोंडाखाली. मागा त्याच्याकडं. आता देवळाच्या कमिटीत हाय तो."

"त्याच्याकडं मागू? झशिवाय चालवू."

"झोळाईच्या वेबसाइटीत झ नको," सकुबाई म्हणाली, "मग आईला काय 'अगो' म्हणून हाक मारायची?"

मागायचं तर नव्हतंच, तेव्हा वाल्मिकनं चोरी करायचं ठरवलं. भर दुपारी, पुजारी जेवायला गेला असताना, तो पक्कड घेऊन देवळात शिरला. दिपिकानं स्टूल धरलं. सकुबाई आपणहून आली. "चोर माझा, नि ज्याचं चोरायचं तोपण माझाच. कुणाचा तरी पाय मोडणार, न्यायला माणूस लागंल."

सुदाम दरवर्षी नवा फ्लेक्स जुन्यावरच ठोकी. वाल्मिक एकेक थर उचकटू लागला आणि सुदाम तरुण होऊ लागला. वरच्या थरात पोट सुटलेला, सोन्याची चेन घातलेला कमिटी मेंबर. त्याखाली चेन गेली. त्याखाली पोट गेलं. त्याखाली डोक्यावर केस आले. शेवटच्या थराशी आला तेव्हा समोर गॉगलमधलं एक किरकोळ पोरगं होतं, तेच, पूर्वी रस्त्याकडं बघत स्टूल धरणारं. वाल्मिकचा हात तिथं अंमळ थबकला. मग त्यानं नाकाच्या शेंड्यातला खिळा नेटानं उपटला.

फ्लेक्स खाली कोसळला आणि तिघंही बघत राहिली.

तालुक्यातल्या उस्तादाच्या बाकी सगळ्या पाट्या उन्हापावसानं विटल्या होत्या. ही काल रंगवल्यासारखी होती. शेंदरी, निळी, काठ पिवळे. आणि मधोमध तो बोका, शेपूट सोडून, पोट पुढं काढून. इतकी वर्षं फ्लेक्सखाली त्याला ना ऊन लागलं होतं ना पाऊस.

तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली. सुदाम होता. त्यानं खाली लोळणाऱ्या आपल्या सगळ्या तोंडांकडं बघितलं, वर पाटीकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं.

"बघितलंत दाजी? म्हणून तर झाकली होती मी!"

वाल्मिक स्टुलावरून पडला नाही तो सकुबाईनं धोतर धरलं म्हणून.

"ऊन खाईत होती ना पाटी," सुदाम पाटीभोवती फिरत म्हणाला. "मनात म्हटलं, उस्तादाचं काम, जपलं पायजे. बोललो नाय कुणाला. आपल्याला मिरवायची सवय नाय."

"खोटारड्या! खिळे मारलेस तू!"

"त्याबिगर राहिली असती का ती जागेवर?"

दिपिकानं मधल्या मधे फोटो काढून घेतले. तिलाच ते पहिल्यांदा दिसलं. फुगवट्यासाठी मधे ठोकलेल्यांपैकी एक खिळा झच्या पोटातून आरपार गेला होता. नेमकं वाटोळं, काळं भोक.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर झ उमटला. शेपूट आली, पोट आलं, भोकही आलं.

"बुजवते, बाबा. एका मिनिटाचं काम हाय."

"थांब." वाल्मिकनं खिळा काढून पडद्यावरच्या भोकाला लावून बघितला. "ह्यो झ किती जागी लागंल?"

"म्हंजे? साइटवर जिथं झ असंल तिथं. झोळाई, झांजा, झेंडू, झाड, माझं, तुझं, सगळीकडं."

"माझं, तुझं," वाल्मिक हळूच म्हणाला. दोन शब्द, आणि अख्ख्या मराठी मुलखात त्यांच्याशिवाय कुणाचं पान हालत नाही. त्याचे डोळे लकाकले. "भोक राहू दे. जिथं झ तिथं सुद्याचा खिळा. जगबुडी होईतो. म्हटलं होतं ना, अक्षरात गाडीन?"

साइट जत्रेच्या आधी सुरू झाली. ठाण्याहून, नाशकाहून फोन आले: अक्षरं बघून बरं वाटलं, आजोबांची पोथी आठवली. आणि मग प्रत्येकाचा तोच प्रश्न, "पण झला भोक का?" वाल्मिक त्याचीच तर वाट बघत होता. तो सगळी हकीकत सांगे: नवरात्र, बांबूचा आळस, गॉगल, खिळा. पुरावा म्हणून खिशातला खिळा काढून दाखवी. त्या महिनाभरात त्याची तब्येत अशी सुधारली की सकुबाईनं शर्टाची बटणं सरकवून लावली.

पण गाव म्हणजे गाव. जत्रेला आलेल्या म्हाताऱ्यांनी पाटीवरचा झ बघितला, भोक बघितलं, आणि त्यांतल्या एकीनं हात जोडले. "आईनं नाक टोचून घेतलं गो." झालं. दुसऱ्या वर्षी कुणी त्या भोकात सोन्याच्या पाण्याची बारीकशी नथ अडकवली. लग्नाच्या, बारशाच्या फ्लेक्सला लोक सुदामकडं जाऊन म्हणू लागले, "झ नथीचाच पायजे हां. तो आईचा."

सुदामकडं तो झ कुठून असणार?

शेवटी एका सकाळी तो वाल्मिकच्या दारात येऊन उभा राहिला. याच सकाळसाठी वाल्मिकनं इतकी वर्षं खिळ्याची पूजा बांधली होती.

"दाजी, तो झ द्या."

"आधी पाटीतले राहिलेले खिळे काढ. माझ्यासमोर. आणि काढताना वर बघायचं नाय, अंगठे बघायचे."

सुदामनं काढले. खाली मान घालून, चाचपत, हात सोलवटून घेत. सकुबाई स्टूल धरून म्हणत होती, "सावकाश रे, दाजींचं समाधान व्हायला टाइम लागतो." मग वाल्मिकनं दिपिकाला सांगितलं, "दे त्याला फॉन्ट. पण भोकासकट. दर फ्लेक्सवर आपलाच गुन्हा छापू दे."

"भोकासाठीच तर नेतोय," सुदाम म्हणाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानावर नवा फ्लेक्स झळकला: 'झोळाईच्या नथीचे मूळ मानकरी, सुदाम डिजिटल'.

वाल्मिक तो वाचून आला आणि कॉम्प्युटरच्या शेजारी बसला. पडद्यावर साइट उघडी होती. वरच्याच ओळीत लिहिलं होतं, 'माझे गुरू अनंता पेंटर'. त्या 'माझे'च्या झमध्येही तेच भोक.

"केलंत ना मनासारखं?" सकुबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "माझ्या भावाला देवीच्या नावात नेऊन बसवलंत. आई-बापाला जमलं नव्हतं ते."

दिपिकाला सासऱ्याची दया आली. "बाबा, बुजवून टाकू का? एका मिनिटाचं काम हाय."

वाल्मिकनं खिळा खिशातून काढला, पडद्यावरच्या झच्या पोटाशी धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ माप घेतलं.

"नको," तो म्हणाला. "जरा मोठं कर."